लघुविमानाचे उड्डाणशिक्षण आणि मनावरील ताण : एक विवेचन

कराडजवळचा विमानतळ १९५५ च्या सुमारास कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी बांधण्यात आला. धरणाच्या कामाशी संबंधित अधिकारी व तज्ज्ञ यांची ने-आण व्हावी एवढाच त्याचा मूळ हेतू होता. पुढे ह्याच धावपट्टीवरून प्रशिक्षणाची लहान विमानेही उडू लागली. सांगलीजवळ कवलापूरची धावपट्टी आहे. परंतु ती दीर्घकाळ वापराविना पडून राहिली आणि ती पुन्हा जागती करावी अशी मागणी सांगलीकरांनी वेळोवेळी केली. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील तरुणास विमान चालविण्यास शिकावयाचे असेल तर कराड, बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी किंवा थेट परप्रांती व परदेशी जावे लागते. मुंबईच्या फ्लाइंग क्लबाची स्थापना १९२८ साली झाली, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांस हिंदुस्थानातील पहिला वैमानिक-परवाना मिळाला. तेव्हा उड्डाण हा श्रीमंतांचा छंद होता. आज कृष्णाकाठच्या ऊसकरी शेतकऱ्याचा मुलगा किंवा प्राथमिक शिक्षकाची मुलगी ह्या विद्येकडे उपजीविका म्हणून पाहते. हा बदल सामाजिक तर आहेच. पण विद्यार्थ्याच्या मनावर पडणाऱ्या ताणाचे स्वरूपही त्याने बदलले आहे, आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकास तो अधिक महत्त्वाचा वाटावा.

ताण हा शब्द आपल्या शास्त्रात यंत्रशास्त्रातून आला आहे. तेथे ताण वस्तूवर बाहेरून पडतो व तो मोजता येतो. मनुष्याच्या बाबतीत हे इतके सरळ नाही. वॉल्टर कॅनन ह्यांनी १९१५ साली भय व क्रोध ह्यांच्या वेळी होणारे शारीरिक बदल वर्णिले. हान्स सेल्ये ह्यांनी १९३६ साली निरनिराळ्या अपायकारक कारणांना शरीर एकाच ठरावीक रीतीने उत्तर देते असे दाखविले. परंतु एकच विमान, एकच वारा आणि एकच धावपट्टी असता एक विद्यार्थी घामाघूम होतो व दुसरा हसत उतरतो, ह्याचा उलगडा ह्या दोघांच्या उपपत्तीने होत नाही. तो रिचर्ड लॅझरस ह्यांच्या १९६६ च्या ग्रंथात सापडतो. लॅझरस ह्यांच्या मते प्रसंगाचे मोल मन दोनदा करते. हे मला घातक आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि घातक असल्यास ह्याला तोंड देण्याजोगे माझ्याजवळ काही आहे काय, हा दुसरा. ताण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा दोन्ही उत्तरांतील अंतरावर अवलंबून असतो. उड्डाणशिक्षणाचा सारा व्यवहार ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलण्यासाठी चालतो, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या विषयावरील लेखनात यर्क्स व डॉडसन ह्यांचा १९०८ चा नियम हमखास येतो. उत्तेजन फार कमी असले तर काम ढिले होते, फार वाढले तर बिघडते, आणि मध्यावर सर्वोत्तम होते, असे त्याचे लोकप्रिय रूप आहे. मूळ प्रयोग उंदरांवरचा होता. त्यांना काळ्या व पांढऱ्या पेटीतील भेद ओळखावयास शिकविले जाई आणि चुकल्यास विजेचा झटका दिला जाई. भेद ओळखणे सोपे असताना झटक्याचा जोर वाढविल्याने शिक्षण त्वरेने झाले. कठीण असताना मात्र जोराचा झटका बाधक ठरला. मनुष्याच्या उत्तेजनासंबंधीचा उलट्या कमानीचा आलेख पुढील संशोधकांनी ह्यावर उभारला आहे. तेव्हा नियमाचा आधार घेताना जपून राहणे बरे. तरीही त्यातील एक भाग उड्डाणाच्या शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे : शिक्षेची धार सोप्या कामात चालते, अवघड कामात ती शिकणाऱ्यास आंधळे करते. आणि नवख्यास विमान उतरविण्याइतके अवघड काम क्वचितच दुसरे असेल.

हे आंधळेपण म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी उतरण्याचा एकच मिनिट घ्यावा. सेस्ना १५२ सारखे दोन आसनी विमान अंतिम टप्प्यात सुमारे साठ नॉट, म्हणजे ताशी एकशेदहा किलोमीटरांच्या आसपास वेगाने येते. ते मिनिटास पाचशे फूट खाली येत असेल तर शेवटच्या पाचशे फुटांस बरोबर एक मिनिट मिळतो. ह्या मिनिटात वेग पाहावयाचा, धावपट्टीच्या मध्यरेषेवर राहावयाचे, उतरणीचा कोन डोळ्यांनी जोखावयाचा, बाजूच्या वाऱ्याने विमान कोठे सरकते ते ताडावयाचे, फ्लॅप्स योग्य तेवढे उघडले आहेत ना ते पाहावयाचे, रेडिओवरचे बोलणे ऐकावयाचे, आणि धावपट्टी मोकळी नसल्यास पुन्हा वर जाण्याची तयारी ठेवावयाची. अनुभवी वैमानिकास ही सात कामे वाटतच नाहीत. त्याला ते एकच चित्र दिसते. नवख्यास ती सात दिसतात, आणि भीती वाढली की त्यांतले एकच उरते. बहुधा तो धावपट्टीच्या टोकाकडे टक लावून बसतो. वेगमापकाचा काटा पन्नासाकडे झुकू लागला तरी तो त्याच्या दृष्टीस येत नाही. काटा डोळ्यांपासून हातभर अंतरावरच असतो, पण अवधानाच्या बाहेर गेलेला असतो. १९५९ साली ईस्टरब्रुक ह्यांनी मांडलेला सिद्धान्त हाच आहे : भावनिक उत्तेजन वाढते तसतसे मन वापरीत असलेल्या संकेतांचे वर्तुळ आकुंचन पावते. प्रथम निरुपयोगी संकेत गळतात, आणि तोपर्यंत काम सुधारतेही. नंतर उपयोगी संकेतही गळू लागतात.

ह्याच प्रकाराचे अधिक सविस्तर चित्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केंब्रिज येथे मिळाले होते. केनेथ क्रेक ह्यांनी स्पिटफायर विमानाचा कॉकपिट प्रयोगशाळेत बसवून त्यातील उपकरणे वैमानिकाच्या हालचालींना प्रतिसाद देतील अशी योजना केली. वैमानिकांना त्यात तासन्‌तास बसविण्यात आले, आणि बार्टलेट ह्यांनी ह्या प्रयोगांचा परामर्श घेतला. निष्कर्ष अनपेक्षित होते. थकलेल्या वैमानिकाचे हात मंद झाले नाहीत. त्याचे मानदंड घसरले. आधी ज्या चुकीस तो चूक म्हणत होता ती आता त्यास चालण्यासारखी वाटू लागली, आणि आपण अजून उत्तम चालवीत आहोत असाच त्याचा समज राहिला. उपकरणांचा पट एकसंध न दिसता सुटासुटा दिसू लागला. इंधनमापकासारखी कडेची उपकरणे तर विसरलीच गेली. आणखी एक गोष्ट अशी की काम संपत आले आहे ह्या जाणिवेनेच काम ढासळे. घर जवळ आले म्हणजे पाय निष्काळजी पडतात, हे पायी वारी करणाऱ्यासही ठाऊक असते. डेव्हिस ह्यांनी ह्याच साधनाने केलेल्या अभ्यासाचा वृत्तांत १९४८ साली प्रसिद्ध केला. त्यात ताणाखाली बिघडणाऱ्या वैमानिकांचे दोन ढोबळ प्रकार दिसतात. एक अतिक्रियेचा : तो प्रत्येक काटा दुरुस्त करू पाहतो, गरजेपेक्षा जास्त दुरुस्त करतो, मग ती दुरुस्ती दुरुस्त करतो. दुसरा निष्क्रियतेचा : तो हळूहळू प्रसंगातून अंग काढून घेतो. शिक्षकास पहिला लगेच ओळखू येतो. दुसरा शांत दिसतो, म्हणून त्याची स्तुतीही होते. आणि तोच अधिक धोक्याचा.

कृष्णाकाठच्या खेड्यांत मुलांस पोहणे शिकविण्याच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. कमरेस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत सोडणे ही एक. बेसावध असता पाठीमागून ढकलणे ही दुसरी. दुसऱ्या रीतीचे समर्थक तीतून तरून निघालेले असतात, ही गोष्ट त्यांचे समर्थन ऐकताना विसरू नये. उड्डाणशिक्षणाचा आरंभीचा इतिहास ह्या दुसऱ्या रीतीच्या बराच जवळचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या पूर्वार्धात ब्रिटिश वैमानिकांना पंखांची उचल सुटली किंवा विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागले तर काय करावे, हे पद्धतशीर असे शिकविलेच जात नसे; अशा अवस्थेपासून दूर राहा, एवढाच उपदेश असे. परिणामी ती अवस्था आली म्हणजे विद्यार्थ्याजवळ भयाखेरीज काही नसे.

ही स्थिती पालटण्याचे श्रेय रॉबर्ट स्मिथ-बॅरी ह्यांचे. १९१४ च्या अपघातात त्यांचे दोन्ही पाय मोडले होते व ते आयुष्यभर लंगडत चालत. फ्रान्समध्ये एका तुकडीचे नेतृत्व करीत असता अर्धशिक्षित वैमानिक कसे मरतात हे त्यांनी जवळून पाहिले. १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे त्यांनी नवी पद्धत सुरू केली. दुहेरी नियंत्रणाच्या अ‍ॅव्हरो ५०४ विमानात विद्यार्थ्यास मुख्य चालकाच्या जागी बसवावयाचे. शिक्षकाने बोलनळीतून उड्डाण चालू असतानाच समजावून सांगावयाचे. आणि ज्या अवस्थांची भीती वाटते त्या पुरेशा उंचीवर मुद्दाम निर्माण करून त्यांतून बाहेर कसे यावे ते विद्यार्थ्याच्याच हातून करवून घ्यावयाचे. त्याच वर्षी फार्नबरो येथे लिंडेमन ह्यांनी स्वतः विमान गरगरवून त्या गतीची मोजमापे घेतली होती. तेव्हा गरगर ही दैवी आपत्ती नसून नियमबद्ध गती आहे, हे ज्ञानही हाताशी येत होते. गॉस्पोर्टची ही पद्धत पुढे जगभर गेली. मानसशास्त्राच्या परिभाषेत तिला १९७० नंतर मायकेनबॉम ह्यांनी दिलेले ताणप्रतिबंधक लसीकरणाचे नाव शोभेल : पेलेल एवढी मात्रा, जाणत्या माणसाच्या देखरेखीत, उपायासह. ह्यांतील शेवटचा शब्द निर्णायक आहे. उपाय हाती न देता नुसती भीती दाखविणे म्हणजे लस नव्हे, रोगच.

उपाय हातात असणे म्हणजे काय, हे गरगरीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सामान्य प्रशिक्षण-विमानात इंजिनाची शक्ती बंद करावयाची, एलेरॉन मध्यावर आणावयाचे, गरगरीच्या उलट दिशेस रडर पूर्ण दाबावयाचा, मग नियंत्रणदंड पुढे ढकलावयाचा, आणि गरगर थांबताच रडर सोडून विमान सावकाश वर घ्यावयाचे. ह्यातील दंड पुढे ढकलणे ही क्रिया सहजप्रवृत्तीच्या अगदी विरुद्ध आहे. जमीन समोर फिरत असता शरीर दंड पोटाशी ओढू पाहते. अर्थात येथे धैर्याच्या उपदेशाने काम भागत नाही. क्रियांचा क्रम इतका मुरलेला हवा की विचाराची पाळी येण्यापूर्वी हात हलला पाहिजे. ह्यासाठी शिकविणारे जुन्या काळापासून एक साधा अभ्यास सांगत आले आहेत. खोलीत खुर्चीवर डोळे मिटून बसावयाचे, समोर उपकरणे आहेत अशी कल्पना करावयाची, आणि प्रत्येक क्रिया हात व पाय हलवून, मोठ्याने उच्चारीत करावयाची. इंधन खर्च न होता चालणारे हे उड्डाण पाहून वसतिगृहातील सोबती हसतात. परंतु गवयाने मनात केलेल्या रियाजाची जी उपयुक्तता, तीच ह्याची.

पहिले एकल उड्डाण हा ह्या शिक्षणातील सर्वांत बोलला जाणारा प्रसंग आहे. त्याची वेळ शिक्षक ठरवितो व बहुधा आधी सांगत नाही. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर तो धावपट्टीच्या कडेस विमान थांबवून उतरतो आणि एक फेरी एकट्याने मारून येण्यास सांगतो. ही गुप्तता क्रूर वाटेल, पण तिला प्रायोगिक आधार मिळू शकतो. फेन्झ व एप्स्टाइन ह्यांनी १९६७ साली हवाई छत्रीधाऱ्यांच्या हृदयगतीची, श्वसनाची व त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेची नोंद विमानात चढण्यापूर्वीपासून उडी घेण्याच्या क्षणापर्यंत केली. नवख्यांचे उत्तेजन सतत चढत जाऊन उडीच्या वेळी शिखरास पोचले. अनुभवींचेही आधी चढले. परंतु त्याचा कळस अलीकडेच होऊन उडीच्या क्षणी ते पुष्कळसे ओसरले होते. अनुभवी मनुष्य भितच नाही असे नव्हे. तो आधी भितो, कामाच्या वेळेपूर्वी भिऊन घेतो. नवख्यास ही सवय नसते, म्हणून त्याची वाट पाहण्याची रात्र लांबविण्यात अर्थ नाही. एकल उड्डाणात आणखी एक चमत्कार विद्यार्थ्यास जाणवतो, तो मात्र निव्वळ पदार्थविज्ञानाचा आहे. शिक्षकाचे वजन उतरल्याने विमान लवकर उचलते व अधिक वेगाने चढते. हे आधी सांगितले नाही तर त्याच चमत्काराची धास्ती वाटते.

त्यानंतर येतो तो कंटाळवाणा काळ. ब्रायन व हार्टर ह्यांनी १८९७ व १८९९ साली तारयंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले, तेव्हा चढत्या रेषेत मध्येच सपाट भाग आढळला व त्यास त्यांनी पठार म्हटले. साताऱ्याच्या माणसास पठाराचे वावडे असू नये. कास व पाचगणी त्याच्या परिचयाची आहेत, आणि पठारावर पोचण्यासाठी आधी चढ चढावाच लागतो हेही त्याला माहीत आहे. तथापि केलर ह्यांनी १९५८ साली हे पठार भासमान आहे काय असा प्रश्न उपस्थित केला, आणि सर्वच कौशल्यांत ते आढळते असे आता कोणी म्हणणार नाही. उड्डाणविद्यार्थ्याचा अनुभव मात्र असा की पाच-सहा तास उतरणे मुळीच सुधारत नाही, किंबहुना बिघडते. कालपर्यंत साधलेली गोष्ट आज साधत नाही ह्याने जो ताण येतो तो भीतीचा नव्हे, लाजेचा असतो. अशा वेळी तोच पाठ पुन्हापुन्हा गिरविण्यापेक्षा शिक्षकाने एक दिवस विमान सातारा किंवा सांगलीच्या दिशेस न्यावे, हे उत्तम.

ह्या प्रदेशावरून मार्ग काढणे तसे सुखाचे आहे. कराडहून सरळ रेषेत सांगली सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे नव्वद नॉट वेगाने अवघी तेवीस मिनिटे. सातारा त्याहून जवळ. कराड येथे कोयना व कृष्णा ह्यांचा प्रीतिसंगम, पुणे–बंगळूर महामार्ग, मिरजेकडे जाणारा लोहमार्ग, साखर कारखान्यांची धुराडी, हरिपूरजवळचा कृष्णा–वारणा संगम, आणि मिरजेचे मोठे जंक्शन ह्या खुणा निरभ्र हवेत चुकणे कठीण. परंतु त्याच पट्ट्यात इंजिन बंद पडले तर उतरावे कोठे, हा विचार केला की चित्र पालटते. हजार फुटांवरून असे विमान वारा नसता पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास तरंगत जाते. तेवढ्या वर्तुळातील शेत निवडावयाचे असते. वाढलेला ऊस वरून गालिच्यासारखा मऊ व सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो माणसापेक्षा उंच असतो आणि चाके अडवून विमान उलथवू शकतो. तासगावकडील द्राक्षबागा त्याहून वाईट, कारण तेथे मांडवाच्या तारा आहेत. पावसानंतरची काळी जमीन चाक गिळते. कवलापूरची जुनी धावपट्टी पाहून हायसे वाटावे, पण तिची अवस्था जमिनीवर असताना विचारून घेतली नसेल तर हवेत ते हायसे वाटणे निराधार ठरते. ज्या विद्यार्थ्याने कोणत्या महिन्यात कोणते पीक उभे असते हे लहानपणापासून पाहिले आहे, त्याला ह्या बाबतीत शहरी सोबत्यापेक्षा अधिक कळते. आडसाली उसाची लावण पावसाळ्यात होते, तोड पुढल्या वर्षीच्या हंगामात. हे ज्ञान परीक्षेच्या कोणत्याही पत्रिकेत नसते. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकट्याने निघालेल्या एका प्रशिक्षणार्थीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. प्रशिक्षणार्थी किरकोळ दुखापतीवर बचावली. असे प्रसंग दूरच्या पुस्तकांतले नव्हेत.

उन्हाळ्यातील दुपारही ह्या भागात स्वतंत्र पाठ शिकविते. कराड समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंचीवर आहे. तपमान ३८ अंशांवर गेले म्हणजे तेथील हवा जवळजवळ पाच हजार फुटांवरील प्रमाणित हवेइतकी विरळ होते. इंजिनाची शक्ती घटते, धाव लांबते, चढण मंदावते, आणि काट्यावरचा वेग तोच असूनही जमीन अधिक वेगाने मागे पळते. सकाळी सात वाजता ज्याने छान उतरविले तोच दुपारी एक वाजता लांब तरंगत जातो, आणि दोष आपल्या हातास देतो. कारण सांगितले की ताण निम्मा होतो. अनेक शिक्षक ते सांगत नाहीत. हवा तापली आहे एवढेच म्हणून थांबतात.

वळवाच्या ढगांविषयी आणि पावसाळ्याविषयी मात्र ताण कमी करण्याचा प्रयत्न करूच नये. सह्याद्रीला टेकून येणारे ढग बघताबघता डोंगर झाकतात. ढगात शिरलेल्या अशिक्षित वैमानिकाचे काय होते ह्याचा प्रयोग १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना कृत्रिम रीतीने बाहेरचे दिसेनासे करण्यात आले. विसांपैकी एकही विमान ताब्यात ठेवू शकला नाही. सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, विमान धोक्याच्या अवस्थेत गेले. बहुतेक सर्व चक्राकार वळत खाली निघाले. कारण कानातील अर्धवर्तुळाकार नलिका मंद व दीर्घ वळण ओळखत नाहीत. वळण सुरू असताना सरळ जात असल्याचा, आणि ते थांबविल्यावर उलट वळत असल्याचा भास होतो. येथे शांतपणाही साहाय्य करीत नाही. शांत चित्ताने चुकीच्या संवेदनेवर विश्वास ठेवणारा मनुष्य घाबरलेल्याइतकाच लवकर पडतो. म्हणून ढग समोर दिसताच उलट फिरणे हेच शिकवावयाचे. आणि ज्या भीतीने तो फिरतो ती भीती दूर करण्याजोगी नव्हे, जपण्याजोगी आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत भाषेचा प्रश्न वेगळा उभा राहतो. रेडिओवरील संभाषण इंग्रजीत, ठरावीक शब्दांत व भरभर चालते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे व्यावसायिक वैमानिकास निदान चौथ्या स्तराचे इंग्रजी यावे लागते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास सूचना ऐकणे, तिचा अर्थ लावणे व ती परत उच्चारणे ही तीन कामे होतात. दुसऱ्यास ते एकच असते. उतरण्याच्या त्या एका मिनिटात ह्याची किंमत पडते. ह्यावर तोडगा व्याकरणाचा नसून सवयीचा आहे. संदेश मर्यादित आहेत. ते पाठ असले की कानाला फक्त बदलणारे आकडे टिपावे लागतात. शिक्षक मराठी असल्यास धीराचे चार शब्द मराठीत बोलावेत, त्यात गैर काही नाही. मात्र नियंत्रण कोणाच्या हाती आहे हे सांगणारे वाक्य नेहमी एकाच भाषेत व एकाच रूपात असावे. दोघांनीही दंड धरलेला आहे किंवा दोघांनीही सोडलेला आहे, ह्याहून वाईट स्थिती दुहेरी विमानात दुसरी नाही.

दंड धरण्यावरून आठवावे असे एक बारीक लक्षण आहे. ताण वाढला की मूठ आवळते, आणि आवळलेल्या मुठीस विमानाचा स्पर्श कळत नाही. मग दुरुस्त्या मोठ्या होतात, विमान हेलकावते, आणि हेलकाव्याने मूठ आणखी आवळते. दोन बोटे व अंगठा एवढ्यानेच धरावयाचे आणि ट्रिम नीट लावावयाचा, असे बजावल्याने हे चक्र कित्येकदा तुटते. दीर्घ उच्छ्वासाचाही असाच उपयोग आहे. मन थेट हुकमात येत नाही, पण बोटे व श्वास येतात. कामांचा अग्रक्रम ठरलेला असणे हाही त्याच जातीचा उपाय : प्रथम विमान उडते ठेवावे, मग ते कोठे आहे ते पाहावे, आणि मग बोलावे. रेडिओवर उत्तर देण्याच्या घाईत वेग गमावणारा विद्यार्थी सौजन्याने वागतो खरा, परंतु चुकीच्या दिशेने.

येथवर सांगितलेला ताण विमानात निर्माण होतो. ह्याहून जड ताण विद्यार्थी जमिनीवरून बरोबर घेऊन चढतो. व्यावसायिक परवान्यास दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो. वाळवा किंवा कोरेगाव तालुक्यातील कुटुंबात ती रक्कम उसाच्या बिलातून निघत नाही. जमीन तारण पडते, बँकेचे कर्ज होते, मामा-काकांची मदत होते. गावात मुलगा वैमानिक होणार ही बातमी त्याच्या पहिल्या उड्डाणापूर्वीच पसरलेली असते. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने रद्द झालेला प्रत्येक तास हा खर्च आहे, आणि पुन्हा करावा लागलेला प्रत्येक पाठ हे कर्ज आहे. झोप झाली नाही, पोट बिघडले आहे, उतरण्याची भीती वाटते, हे तो शिक्षकास सांगत नाही. सांगितले तर उड्डाण जाईल, वैद्यकीय प्रमाणपत्रावर प्रश्न येईल, आणि घरी काय सांगावे हा प्रश्न त्याहून मोठा. लॅझरस ह्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे पैशाने गढूळ होते. तोंड देण्याजोगे सामर्थ्य आहे काय, ह्याऐवजी परत फिरणे परवडेल काय, असा हिशेब मन करू लागते. ढगापाशी उलट फिरण्याचा नियम पाठ असूनही न पाळला जाण्याचे एक कारण हे आहे.

ही लपवाछपवी केवळ विद्यार्थ्यांपुरती नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने आल्प्स पर्वतावर हेतुपुरस्सर आदळविले व १५० जणांचे प्राण गेले. त्याने आपला मानसिक आजार लपविला होता. ही घटना अत्यंत विरळ जातीची आहे आणि तिच्यावरून प्रत्येक घाबरलेल्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. तिच्यानंतर युरोपात विमान कंपन्यांना साथी-साहाय्याची योजना ठेवणे बंधनकारक झाले : वैमानिकाने आपली अडचण प्रथम दुसऱ्या वैमानिकाजवळ, नोकरी जाण्याची धास्ती न बाळगता बोलावी. अमेरिकेत चुकांची गोपनीय नोंद घेणारी व्यवस्था १९७६ पासून चालू आहे. त्यामागील तर्क सरळ आहे : शिक्षेच्या भयाने दडलेली चूक दुसऱ्यास शहाणे करीत नाही. लहान प्रशिक्षणसंस्थेत अशी मोठी यंत्रणा उभी राहणार नाही. तेथे शिक्षकाने सकाळच्या विमानतपासणीबरोबर विद्यार्थ्याचीही दोन मिनिटे विचारपूस करावी, नाही म्हणणाऱ्याचा तास बुडीत न धरता पुढे ढकलावा, आणि हवामानामुळे किंवा मनाच्या स्थितीमुळे न केलेले उड्डाण विद्यार्थ्याने वहीत तारखेसह व कारणासह लिहावे, एवढे होऊ शकते. उड्डाणवहीत अशा नोंदीस रकाना नसतो. ती वेगळ्या पानावर करावी लागते.